गावातून ऑनलाइन माल विकायचाय? मोबाईलवर सुरुवात कशी करायची ते सांगते

नमस्कार ताई आणि भाऊ. मी वर्धा जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली. मी आणि माझी जाऊ मिळून घरची हळद, लाल तिखट, तुरीची डाळ, मुंगवड्या आणि उन्हाळा लागला की सरगुंडे-शेवया असं मोबाईलवरून विकतो. दुकान नाही, वेबसाइट नाही, टावर पण स्लॅबवर गेल्यावरच नीट मिळतो. तरी पार्सलं जातात, पुण्याला सगळ्यात जास्त, मंग नागपूर, मुंबई, नाशिक. गटातल्या बाया नेहमी विचारतात, "तुमी हे कसं करून रायल्या, आमाले बी सांगा ना", म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. ज्यांना फेसबुक-इन्स्टाचं फारसं काही समजत नाही त्यांच्यासाठीच हे आहे, त्यामुळे सोपं सोपंच सांगणार.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. हिंगणघाटच्या बाजारात गिऱ्हाईक येते, हळद चिमटीत घेते, चोळते, वास घेते, मंग भाव करते. मोबाईलवर यातलं काहीच नाही, उलट अनोळखी माणसाने तुम्हाला आधी पैसे टाकायचे आणि माल पाच-सहा दिवसांनी बघायचा. म्हणजे तुम्ही जे काही टाकाल, फोटो, व्हिडिओ, स्टेटस, ते सगळं त्याचा भरवसा बसावा म्हणून टाकायचं. लाइक किती आले हे नंतरचं. मला हे समजायला सहा महिने गेले, तोवर मी नुसत्या सुविचाराच्या आणि गुड मॉर्निंगच्या पोस्ट टाकत होते आणि ऑर्डर काहून येत नाही म्हणून रडत होते.

पहिलं काम, एकच वस्तू आणि कोणासाठी ते ठरवा

सुरुवातीला दहा वस्तू घेऊन बसू नका. जी तुमच्या हातची खरंच चांगली होते आणि आठ दिवसात खराब होत नाही अशी एक घ्या, फार तर दोन. लोणचं, ठेचा यांच्यापासून सुरुवात करायची नाही असं माझं मत आहे, तेल गळते, पार्सलची वाट लागते, आमची पहिली सहा बरण्यांची ऑर्डर अशीच गेली. हळद, तिखट, डाळ, वड्या, पापड, कुरड्या हे वाळलेलं सामान प्रवासाला सोपं.

आणि गिऱ्हाईक कोण? सगळे म्हणतात जगभर विका. पण सुरुवातीचं गिऱ्हाईक आपलंच माणूस असतं, म्हणजे यवतमाळचा, आर्वीचा, चिमूरचा जो पोट्टा हिंजवडीला नोकरीला आहे, जी ताई लग्न होऊन ठाण्याला गेली. तिला सरगुंडे म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, काडीवर गुंडाळलेले सरगुंडे आणि आंब्याचा रस म्हटलं की तिला आपल्या आजीचं अंगण आठवते. पुण्याच्या माणसाला ते समजवायला वेळ लागतो, त्याला समजवायचं काम ही ताईच आपल्या शेजारणीला डबा देऊन करते. म्हणून आधी वहीत लिहा, आपल्या नात्यातले, गावातले, शाळेतले किती जण बाहेरगावी आहेत. आमच्या यादीत 63 नावं निघाली होती, तिथूनच सुरू झालं.

दुसरं काम, कागदपत्र (हे टाळू नका)

हे सोशल मीडियाच्या लेखात काहून, तं पहिल्याच महिन्यात कोणीतरी कमेंटमध्ये विचारतेच, "फूड लायसन्स आहे का?" खायची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते, लहान घरगुती धंद्यासाठी नुसतं रजिस्ट्रेशन असते, फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, सेतू केंद्रातला किंवा नेट कॅफेतला पोरगा करून देतो. त्याचा 14 अंकी नंबर येतो, तो पाकिटावर छापायचा. सोबत वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचं, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असला तर त्याआधी एकदा सीएला जीएसटीचं विचारून घ्या, तिथं नियम वेगळा आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, फुकट होते, कोणी त्याचे हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

अजून एक. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये जीआय मानांकन (त्या भागाचीच खास वस्तू असा सरकारी शिक्का) मिळालं, भिवापूरच्या मिरचीला पण त्याच वर्षी, नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये. ही नावं लोकांना माहीत आहेत म्हणून ज्याने त्याने पोस्टमध्ये लिहायची नाहीत. माल खरंच त्या भागातला पाहिजे आणि जीआयचं नाव धंद्यात वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. तसंच "आमच्या हळदीने शुगर जाते, कॅन्सर बरा होतो" असलं एक अक्षर लिहू नका. कायद्याने गुन्हा होऊ शकतो आणि त्याहून वाईट म्हणजे एखादा आजारी माणूस खरं मानून औषध बंद करतो.

तिसरं काम, व्हॉट्सॲप बिझनेस

माझं सगळं दुकान इथंच आहे असं समजा. नवीन सिम घ्या, घरचा नंबर धंद्याला देऊ नका, नाहीतर रात्री अकराला पण लोक फोन करतात. त्या नंबरवर साधं नाही, व्हॉट्सॲप बिझनेस टाका, ते वेगळं ॲप आहे, फुकट आहे, एकाच फोनमध्ये दोन्ही चालतात. त्यात प्रोफाइलमध्ये नाव, गाव, वेळ लिहा आणि फोटोत लोगो नको, तुमचा स्वतःचा चेहरा टाका, शेतात नाहीतर अंगणात काढलेला. आमच्या गटातल्या एका ताईने गुलाबाचं फूल ठेवलं होतं, लोक विचारत होते हे खरं दुकान आहे का. चेहरा टाकल्यावर ते विचारणं बंद झालं.

त्यातच कॅटलॉग असतो, प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि भाव टाकायचा. भाव लपवू नका!! "किमतीसाठी मेसेज करा" हे मला अजिबात पटत नाही, अर्धे लोक तिथूनच परत जातात, त्यांना वाटते माणूस पाहून भाव सांगतात. आणि क्विक रिप्लाय करून ठेवा, म्हणजे पोस्टाचा खर्च किती, पैसे कसे टाकायचे, किती दिवसात मिळेल ही तीन उत्तरं आधीच टाइप करून ठेवली की एका टॅपमध्ये जातात, स्वयंपाक करताकरता पण उत्तर देता येते. लेबल पण आहेत, नवीन ऑर्डर, पैसे आले, पार्सल गेलं, असं चॅटला लावायचं, ऑर्डर विसरायचं प्रमाण आमचं एकदम कमी झालं यानं.

ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे एकाच मेसेजमध्ये पुष्कळ लोकांना पाठवणं, एका यादीत 256 पर्यंत नंबर बसतात. पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला त्यांनाच तो पोचतो, हे कोणी सांगत नाही. म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका, "आमचा नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळवू". महिन्यात दोनदाच पाठवा. रोज पाठवलं की लोक ब्लॉक करतात आणि जास्त लोकांनी रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होतो, मंग सगळं गेलं. न विचारता लोकांना ग्रुपमध्ये टाकायचं तर नावच काढू नका.

रोजचं काम स्टेटसचं. 24 तास राहते, कोणाच्या अंगावर जात नाही, ज्याला बघायचं तो बघतो. मी दिवसातून तीन-चार टाकते, त्यात विकायचं एकच, बाकी आमचं काम चाललेलं, म्हणजे तुरीची डाळ भरडून रायलो, मिरच्या देठ काढून रायलो असं. जाऊबाई म्हणे, "आपल्या घरातलं काम कोण पाहीन वं?" पण तेच बघतात. मिरच्यांचे देठ काढतानाच्या स्टेटसवर जेवढे मेसेज आले तेवढे तयार तिखटाच्या पाकिटावर कधी आले नाहीत, कारण त्यात दिसते की सडकी मिरची बाजूला काढली, देठासकट दळली नाही.

फोटो आणि व्हिडिओ

महागाचा फोन लागत नाही. लेन्स पदरानं पुसा, खरंच, अर्धे फोटो त्यानेच सुधारतात. सकाळी सात-आठच्या उन्हात काढा नाहीतर संध्याकाळी, उन्हाळ्यात आपल्या इकडे दुपारी फोन पण तापून बंद पडतो आणि हळद पांढरी दिसते. फिल्टर लावू नका, पिवळा रंग भडक दिसला की लोक म्हणतात रंग टाकला, आणि घरी गेल्यावर तसा नसला की तक्रार.

व्हिडिओ उभा काढायचा, रीलसाठी तोच लागतो. सुरुवातीला नमस्कार मी अमुक अमुक असं लांबण लावू नका, पहिल्या दोन-तीन सेकंदात हात, वस्तू, काहीतरी होताना दिसलं पाहिजे, मंग नाव सांगा. वीस-तीस सेकंद पुरे. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात म्हणून स्क्रीनवर मराठीत चार शब्द लिहा. आणि बोला आपल्याच भाषेत! मी आधी पुस्तकी बोलायचा प्रयत्न करत होते, "आमच्याकडे उत्तम प्रतीची हळद उपलब्ध आहे", कोणी थांबत नव्हतं. एकदा सासूबाई मागून बोलल्या, "हयद अशी मोडली का टणकन आवाज आला पायजे", ते तसंच टाकलं आणि पुण्यावरून तीन जणांनी नुसता आवाज ऐकून मेसेज केला की आमच्या माय अशाच बोलत.

गाणं लावताना लक्ष द्या, इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट केलं की सिनेमाची गाणी बरीचशी लावता येत नाहीत, हक्काचा प्रश्न असतो. स्वतःचा आवाज, जात्याचा, पाखरांचा आवाज ठेवा, तेच चांगलं.

इन्स्टाग्राम आणि फेसबुक

दोन्हीवर खातं उघडा पण जीव एकातच लावा. तुमचं गिऱ्हाईक चाळिशीच्या पुढचं असलं तर फेसबुक, तरुण असलं तर इन्स्टाग्राम, असा मोटामोटी अंदाज धरा. फेसबुकवर स्वतःच्या प्रोफाइलवरून धंदा करू नका, वेगळं पेज काढा, प्रोफाइलला 5000 मित्रांची मर्यादा आहे आणि जाहिरात पेजवरूनच नीट करता येते. पेजचा ॲडमिन घरातल्या दोघांना करा, माझा फोन पाण्यात पडला तेव्हा पोराच्या फोनवरून पेज चाललं.

प्रोफाइलच्या ओळीत काय विकता, कुठून, आणि व्हॉट्सॲपची लिंक एवढंच. आठवड्यात तीन पोस्ट पुरे पण तीन म्हणजे तीन, एका आठवड्यात पंधरा आणि मंग महिनाभर गायब असं नको. वेळ कोणती, तं आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर नऊच्या आसपास जास्त उत्तरं येतात, तुमचं वेगळं असू शकते, इनसाइट्समध्ये, म्हणजे ॲपमधल्या आकडेवारीत दिसते लोक कधी ऑनलाइन असतात. कमेंटला उत्तर त्याच दिवशी द्या.

फेसबुकवर पुण्या-मुंबईत राहणाऱ्या विदर्भातल्या लोकांचे ग्रुप असतात. तिथं घुसून पहिल्याच दिवशी जाहिरात टाकली तर काढून टाकतात. आधी ॲडमिनला विचारा, काही ठिकाणी आठवड्यातला एक दिवस धंद्याच्या पोस्टला ठेवलेला असतो.

आणि फॉलोअर विकत घेऊन देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. ते खोटे असतात, त्यातून एक पाव हळद पण विकली जात नाही.

इथं एक जुनी गोष्ट सांगते. 29 जून 2020 ला सरकारनं 59 ॲप बंद केले त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यातल्या किती पोरापोरींनी तिथं मेहनतीनं नाव कमावलं होतं, ते सगळं एका रात्रीत गेलं. इन्स्टाग्रामवरचे लोक पण आपले नाहीत, कंपनीचे आहेत, उद्या खातं हॅक झालं, बंद पडलं तर? म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, नंबर, काय घेतलं आणि कुठून कळलं हे वहीत लिहायचंच. "कुठून कळलं?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारा. आमच्या वहीत पाहिलं तर निम्म्याहून जास्त ठिकाणी "मैत्रिणीनं सांगितलं" असं निघालं, तेव्हापासून प्रत्येक पार्सलात शेजारणीला द्यायला म्हणून 50 ग्रॅमची एक छोटी पुडी टाकतो.

भाव आणि पार्सल

हा हिशोब पोस्ट टाकायच्या आधी करा. आकडे फक्त समजायसाठी देते. समजा अर्धा किलो हळद तुम्हाला 110 रुपयात पडली, पाऊच-लेबल-खोका 20, पोस्टाचे 70, झाले 200. आता तुम्ही उत्साहात "फक्त 180, डिलिव्हरी फ्री" असं टाकलं तर प्रत्येक पाकिटाला 20 रुपये घरातून गेले, आणि पोस्ट जितकी चालेल तितका तोटा जास्त. म्हणून एक-एक पाकीट विकायपेक्षा हळद, तिखट आणि डाळ मिळून दोन किलोचा सेट करा, पोस्टाचा खर्च किलोमागे कमी पडतो. आमचा हाच सेट सगळ्यात जास्त जातो. आणि आपली मजुरी धरा ताई, बाया नेहमी ती विसरतात.

प्रायव्हेट कुरिअर गावाच्या पिनकोडवर पुष्कळदा येतच नाही, पोस्ट मात्र आहे. स्पीड पोस्टानं पार्सल जाते, ट्रॅकिंग नंबर मिळतो, तो लगेच गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप करायचा. पॅकिंग करताना दहा सेकंदाचा व्हिडिओ काढून त्यालाच पाठवा, "तुमचं पार्सल निघालं". वजनकाटा त्यात दिसू द्या. या एका सवयीनं वजनाचे वाद संपले आमचे.

पैसे देऊन जाहिरात

पहिली तीस-चाळीस पार्सलं नीट पोचेपर्यंत जाहिरात करूच नका. मी केली होती, 500 रुपये टाकून बूस्टचं (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं) बटण दाबलं, अख्खा महाराष्ट्र निवडला, मेसेज आले चाळीस-पन्नास, सगळे "हाय" आणि "प्राइस", ऑर्डर एक. नंतर शिकले. जी पोस्ट फुकटात चांगली चालली तीच निवडायची, नवीन नाही. जागा म्हणून पुणे, ठाणे, नागपूर अशी दोन-तीन शहरंच. बटण "व्हॉट्सॲपवर मेसेज करा" हे. दिवसाचे 100-150 रुपये आणि चार दिवस, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो तो धरा. मंग भागाकार करा, 600 गेले आणि ऑर्डर 4 आल्या म्हणजे एका गिऱ्हाइकाला 150 पडले. एका सेटमागे तुमच्या हातात 150 उरतात का? नसतील उरत तर बंद करा, पुन्हा स्टेटसवर या.

फसवणूक

हे वाचाच. ऑनलाइन विकायला लागलं की आठ-पंधरा दिवसात एक फोन येतो, माणूस म्हणतो मी सैन्यात आहे, 20 किलो डाळ पाहिजे, भाव पण करत नाही, पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही!! पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून गेले. आमच्या ओळखीतल्या एका बाईचे साडेआठ हजार असे गेले, बिचारीनं बियाण्यासाठी ठेवले होते. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पण खोटा बनवतात, बँकेत जमा झालेलं बघूनच माल काढा. असं काही झालंच तर लाजू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावा, जितक्या लवकर लावाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

दुसरं, "तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार, या लिंकवर पासवर्ड टाका" असा मेसेज येतो. खोटा असतो. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्हीवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे दुहेरी कुलूप, आजच चालू करा आणि ओटीपी घरातल्या माणसाशिवाय कोणाला सांगू नका.

तक्रार आली तर

येणारच. एका काकूंचं पाकीट वाटेत फाटलं, त्यांनी पेजवर फोटोसकट लिहिलं. जाऊबाई म्हणे कमेंट डिलीट कर. मी नाही केली, खालीच लिहिलं, "काकू, चूक आमच्या पॅकिंगची आहे, उद्याच दुसरं पाठवते", आणि पाठवलं, त्याचा ट्रॅकिंग नंबर पण तिथंच टाकला. दहा दिवसांनी काकूंनीच खाली लिहिलं की माल मिळाला. ती पोस्ट वाचून नवीन तीन जणींनी ऑर्डर दिली. चांगला अभिप्राय आला तर स्क्रीनशॉट टाकायच्या आधी त्या माणसाला विचारा आणि त्याचा नंबर झाका.

वर्षभर टाकायचं काय असं विचारतात, तं आपल्याकडे विषय कमी आहेत का. जूनमध्ये हळदीचं बेणं लावताना, पोळ्याला बैल सजवताना, महालक्ष्म्यांच्या आधी डाळी निवडताना, दसऱ्यानंतर कापूस वेचताना, संक्रांतीच्या आसपास तूर निघताना, एप्रिल-मेमध्ये खाटेवर सरगुंडे वाळताना. गिऱ्हाईक सणाच्या पंधरा-वीस दिवस आधी ऑर्डर देते, म्हणून व्हिडिओ त्याच्याही आधी तयार पाहिजे, मी मागच्या वर्षीचे काढून ठेवलेले वापरते. आणि जानेवारी-फेब्रुवारीत हळद खोदून झाली की ती उकडायचा व्हिडिओ नक्की करा, शहरातल्या निम्म्या लोकांना हळद उकडतात हेच माहीत नसते. फक्त कढईवरचं झाकण काढताना मोबाईल चार हात लांब धरा, लेन्सवर वाफ बसते आणि सगळं धुकं धुकं येते, दुसऱ्यांदा काढायला परत पुढच्या कढईची वाट पाहावी लागते.